बसक्याची घंटी

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी तारीख विचारायचा आणि मग वेळ विचारायचा. त्याला आपलं आपण काही ठाऊक नसायचं. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला जुना माल होता तो, वीज गेली की सगळं विसरून कोरा व्हायचा. तारीख मी घालायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून. वेळ मात्र माय सांगायची, स्वयंपाकघरातून, चुलीपुढून न उठता. "सव्वानऊ होऊन राहिले वं बेबी!" घरात घड्याळ एकच, ते तिच्या डोक्यावरच्या फळीवर, मिठाच्या भरणीला टेकून उभं. तिनं सांगितलेली वेळ मी बटणं दाबून आत घातली की हिरवी अक्षरं पुढे सरकायची आणि पडद्याच्या कोपऱ्यात भाऊनं केलेलं घड्याळ चालू व्हायचं. आज माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर मला काहीच विचारत नाही, त्याला सगळं आधीच माहीत असतं. मला त्याचा राग येतो. वय झालं की कशाचाही राग येतो म्हणा.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, विलास. आम्ही दोघंच. बाबा पवनीला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. घर दोन खोल्यांचं, पुढे छपरी, मागे अंगण आणि अंगणात एक कढीपत्त्याचं झाड. जवळच धानाची गिरणी होती. तिची घरघर दिवसभर कानात असायची, इतकी की गिरणी बंद पडली तरच आम्ही मान वर करून बघायचो. माय चुलीवर भात टाकायची, लाखोळीच्या डाळीचं वरण करायची, आणि भाऊला बरं असलं तर वांगे-भेदराची, म्हणजे वांगी-टमाट्याची भाजी, वर सांबार, आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरून. भाऊला बरं आहे की नाही, हे आम्हाला आधी जेवणाच्या वासावरून कळायचं. बरं नसलं की नुसता मऊ भात शिजायचा आणि दुसऱ्या चुलीवर अंगाला चोळायचं मोहाच्या बियांचं तेल कोमट व्हायला ठेवलेलं असायचं. त्या तेलाचा उग्र वास आजही आला तर मी तिथून उठून जाते.

तो लहानपणापासून दुखणाईत. थंडी पडली की त्याचे सांधे सुजायचे, हाडं आतून कोणी पिळून काढतंय असं दुखायचं, डोळे पिवळे व्हायचे. कोणी वात म्हणायचं, कोणी कावीळ. मांत्रिकाला बाबांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे ते बंदच होतं. डॉक्टर गोळ्या द्यायचे आणि पाणी भरपूर प्यायला सांगायचे. त्या दुखण्याचं नाव सिकलसेल, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आता आमच्या भागात शाळेतल्या मुलांचं रक्त तपासतात, लग्न जुळवताना तरुण मुलंमुली एकमेकांना विचारतात. चांगलंच आहे ते. पण तपासणीच्या रांगेत उभी असलेली पोरं दिसली की माझा जीव भाऊपाशी जातो आणि मला रस्त्यातच रडू येतं. येतं तर येऊ देते.

त्याचं कॉलेज या दुखण्यापायी अर्धवट सुटलं. कोंढ्याचा मामा, मायचा धाकटा भाऊ, बाजाराच्या दिवशी आमच्याकडे डोकवायचा. माणूस मायेचा, पण जिभेला हाड नाही. छपरीत चपला काढता काढताच तो आवाज द्यायचा, "काय बे बसक्या, उठला का?" लोकांनी मायला विचारलं, पोरगा काय करते, तर ती म्हणायची, घरीच बसून आहे. त्यावरूनच मामानं ते नाव काढलं होतं. भाऊ हसायचा. मी नाही हसायचे, मामाच्या चहात साखर कमी टाकायचे.

कॉम्प्युटर आला तो भाऊच्या नागपूरच्या एका मित्राच्या ओळखीनं. भाऊ आणि बाबा एस.टी.तून घेऊन आले, पडदा भाऊच्या मांडीवर आणि ट्रंकेसारखा मोठा डबा बाबांच्या. गल्लीतली सगळी माणसं बघायला आली. भाऊच्या डोक्यात एकच बेत होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका तेव्हा स्टेन्सिल कोरून काढायचे, अक्षरं पुसट, शाई पोरांच्या बोटांना. भाऊ त्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करून छापणार होता. बसल्या जागी होणारं काम होतं, पायांना त्रास नाही, दुखलं तर आडवं व्हावं आणि उतरलं की परत बसावं. कोंढ्याच्या शाळेच्या हेडमास्तरांनी वार्षिक परीक्षेचे पेपर त्याला देऊ केले होते. त्या दिवशी भाऊ मामाला म्हणाला, "आता मी बसूनच कमावतो, पाह्य तू."

पण मराठी काही त्या यंत्रात नीट मावेना. मराठी अक्षरं उमटवणारा प्रोग्राम वेगळा होता आणि लिहायचा वेगळा. दोन्ही एका वेळी आत घ्यावे लागत. पहिलं पान झकास व्हायचं. दुसऱ्या पानाच्या मध्यात पडदा थिजायचा आणि इंग्रजीत खाली यायचं, आउट ऑफ मेमरी. मग बंद करून परत सुरू करायचं, परत तारीख, परत "पावणेबारा झाले वं!" आणि केलेलं सगळं गेलेलं. मायनं एकदा विचारलं, काय म्हणून राहिला तो? मी म्हटलं, मेमरी कमी आहे म्हणते. मेमरी म्हणजे काय? मी म्हटलं, याददास. माय दोन दिवस विचारात होती. मग तिनं भाऊला हळूच सांगितलं, "त्याले इतकं शिकवत नको जाऊ रे एका दमात. नवीन आहे थो. हळूहळू ध्यानात ठेवन." मामा म्हणाला, ब्राह्मीचं तेल चोळा त्याच्या टाळूला. भाऊ हसून हसून खोकला.

"याददास नाई गा मामा, जागा," तो म्हणाला. "आपल्या घरची पंगत समज. चार पाट मांडता येते, पाचवा मांडता येत नाई. आता एखादा माणूस जेवला, हात धुतला, तरी पाटावरच बसून राहिला त? मागच्यानं कुठं बसावं? ह्या मशीनमधी असे लय जण आहेत. सुरुवातीलेच येऊन बसते, अना उठतच नाई."

"बसके!" मामा म्हणाला.

"बसकेच," भाऊ म्हणाला. "माह्यासारखे."

तेव्हापासून आमच्या घरात त्यांना बसकेच म्हणायचे. कॉम्प्युटर सुरू होताना एक छोटी फाइल वाचतो आणि तिच्यातल्या ओळींप्रमाणे एकेकाला आत बोलावून बसवतो, हे भाऊनं मला दाखवलं. आधीच्या ऑफिसानं त्यात काय काय भरून ठेवलं होतं. आमच्याकडे नसलेल्या माउसचा प्रोग्राम, एक कॅलेंडर, एक गणितयंत्र. एकेक ओळ काढायची, यंत्र परत सुरू करायचं आणि किती जागा मोकळी झाली ते बघायचं. आम्ही त्याला उठवणं म्हणायचो. "बेबी, आज कोणाले उठवाचं?" हे भाऊचं सकाळचं वाक्य होतं. मोठ्याला आधी बसवायचं आणि लहानांना मागून, म्हणजे मधे फटी राहत नाहीत, हेही त्यानंच शोधलं. मी तेव्हा बारावी करून घरी होते, मला हे पुस्तकांपेक्षा बरं वाटायचं. दुसरं पान अर्ध्याच्या पुढे गेलं. पण पुरं होईना.

एक बसक्या भाऊनं स्वतः बनवून आत बसवला होता. तेच ते कोपऱ्यातलं घड्याळ. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला ते तीनदा वाजायचं, बारीक, चिमणीच्या पिलासारखं. तीच भाऊच्या गोळीची वेळ. घंटी झाली की माय असेल तिथून पाण्याचा मोठा ग्लास आणि गोळी घेऊन यायची. मी एकदा म्हटलं, भाऊ, यालेच उठव ना, मग पुरन जागा. घड्याळ त मायजवळ आहेच.

"तेच त," तो म्हणाला. "घड्याळ जवळ असलं का माय सारखी तिकडंच पायते. भात ढवळते अना वर पायते. निवडत बसली का उठून पायते. घंटी असली का तेवढं तरी मोकळं रायते तिचं डोकं. राहू दे त्याले, मायसाठी आहे तो." मग तो म्हणाला, "उठवाचं त माह्यासारख्याले उठवाव. नुसती जागा अडवून बसलो मी." मी त्याच्या अंगावर हातातलं फडकं फेकलं आणि मागे अंगणात जाऊन कढीपत्त्यापाशी रडले. असलं काही तो पुन्हा बोलला नाही. मीही घंटीचं नाव काढलं नाही.

त्या वर्षी थंडी कडक पडली. पौषात त्याला जे दुखायला लागलं ते थांबेना. छातीतही दुखू लागलं, श्वास पुरेना. जीपमधून भंडाऱ्याला नेलं. जीपमध्ये निजवताना त्यानं मला जवळ बोलावलं, मला वाटलं आता काही मोठं सांगणार. तो म्हणाला, "मशीनवर चादर टाकून ठेव वं. गिरणीचा भुसा जाते आत." मी मान हलवली. घरात जाऊन चादर टाकली. तिसऱ्या दिवशी बाबा एकटेच पायी गल्लीत शिरले, जीप मागून येत होती. बाबांना तसं चालताना पाहिलं आणि मला कळलं. माय दारातच खाली बसली. मी तिच्याकडे गेले नाही, आत जाऊन चादरीवर डोकं टेकून उभी राहिले. ती चादर थंडगार होती.

पुढचे महिने कसे गेले ते मला सांगता येत नाही. जेवायला बसताना माय चार ताटं मांडायची आणि एक उचलून ठेवायची. मामा आता चपला काढताना काही बोलायचा नाही. एक दिवस मात्र तो बाबांना म्हणाला, भंडाऱ्याचा एक दुकानदार मशीन घ्यायला तयार आहे, घरात नुसतं बसून काय करते ते. 'बसून' म्हणाला आणि स्वतःच तोंड फिरवून छपरीबाहेर गेला.  त्याच आठवड्यात कोंढ्याचे हेडमास्तर सायकलवर आले. त्यांना भाऊचं कळलं होतं. सांत्वनाचं बोलून झालं, चहा झाला, आणि उठताना ते म्हणाले, पेपरांचं मी आता दुसरीकडे बघतो गुरुजी, तुम्ही काळजी करू नका.

"मी करते," मी म्हणाले. मला आधी ठाऊकही नव्हतं मी बोलणार आहे ते.

मामा म्हणाला, "तुले जमते काय ते? त्याले नव्हतं जमलं."

बाबा कितीतरी दिवसांनी बोलले. "बेबी म्हणते त करू द्या. झालं त मशीन रायते घरात. नाई झालं त घेऊन जा भंडाऱ्याले." ते वाक्य मी छातीशी धरलं. त्या डब्यात भाऊची बोटं होती, त्याचं हसणं होतं, त्याच्या शिव्या होत्या. तो भंडाऱ्याच्या दुकानात परक्या माणसाच्या पुढ्यात असावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. भाऊ तर गेलाच, त्याचं मशीन मी जाऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी चादर काढली. सुरू केला. त्यानं तारीख विचारली, मी घातली. वेळ विचारली. मला हाक मारवेना. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि मायकडे नुसतं बघितलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "साडेनऊ." ओरडली नाही. मी येऊन साडेनऊ घातले, विज्ञानाचा पेपर उघडला आणि कामात गढून गेले. मग दहा वाजले आणि घंटी झाली, तीनदा, बारीक.

 मला घंटीचं भानच राहिलं नव्हतं. मागून मायची पावलं आली. हातात पाण्याचा मोठा ग्लास आणि दुसऱ्या हाताची मूठ झाकलेली. ती माझ्यापर्यंत आली, मग थांबली. मूठ उघडून गोळीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती किंचाळेल. पण तिनं कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवला, ताप बघावा तसा. "गरम आहे," म्हणाली. आणि मागे जाऊन ते पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं. त्या संध्याकाळी पाचलाही ती आली. मग रोजच. गोळी आणायची नाही, पाणी आणायची. डब्यावर हात ठेवायची, उभी राहायची, जायची. लाखोळी झोडून घरात आली होती, माय ती निवडत बसायची, पण माझ्या लक्षात आलं की ती घड्याळाकडे बघत नाही. घंटीवर विसंबून बसलेली असायची. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण मला थोडा सैल वाटला.

आणि इकडे दुसऱ्या पानाच्या शेवटी, अगदी चारपाच ओळी राहिल्या असताना, आउट ऑफ मेमरी. मी भाऊनं शिकवलेलं सगळं केलं. मोठ्याला आधी बसवलं, लहानांना मागून. अक्षरांच्या प्रोग्राममधली लागत नसलेली अक्षरांची वळणं, म्हणजे फॉन्ट, काढून टाकली. सुरू होतानाच्या फाइलमध्ये एकेक ओळ तपासली. उठवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. मराठी अक्षरं होती, लिहायचा प्रोग्राम होता आणि घंटी होती. पेपराचे तुकडे करून वेगवेगळे छापावेत आणि जोडावेत, तर छापतानाही मधेच तेच आउट ऑफ मेमरी यायचं. हेडमास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मामा सकाळीच मशीन न्यायला जीप ठरवायची का विचारून गेला होता. दुपारी मी खुर्चीत बसून घंटीच्या त्या एका ओळीकडे बघत राहिले. भाऊनं त्या प्रोग्रामला नाव दिलं होतं इंग्रजी अक्षरांत, माय. आता हसू येतं, तेव्हा ती अक्षरं वाचवत नव्हती. मी त्याच्याशी मनात भांडलेसुद्धा. म्हटलं, तूच सांग कोणाला उठवू. मशीन ठेवू की घंटी ठेवू. 

मी घंटीची एक प्रत फ्लॉपीवर काढून घेतली. ती फ्लॉपी माझ्या कपाटात अजून आहे. तिला बुरशी लागली आणि ती वाचणारं यंत्र आता कुणाकडे नाही. माझी सून मोबाईल भरला की बोट फिरवून शेकडो फोटो उडवते, हसत हसत, जागा करते म्हणते. तिचं काही चुकत नाही. मी मात्र त्या वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

प्रत काढली आणि मग ती ओळ पुसली. एक बटण दाबून धरलं, अक्षरं शेवटापासून एकेक जात गेली. परत सुरू केला. तारीख. वेळ. माय अंगणात होती, म्हणून या खेपेला वेळ मी आपली आपणच घातली. कोपरा रिकामा होता, घड्याळ नव्हतं. पेपर उघडला. दुसरं पान संपलं. तिसरंही झालं. पडदा थिजला नाही. छापायला दिलं आणि प्रिंटर करकरत एकेक ओळ बाहेर काढू लागला, काळी, ठसठशीत, काना-मात्रा जागच्या जागी. बाबा शाळेतून आले होते. त्यांनी निघालेलं पान हातात घेतलं, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, गुरुजीच ते, आणि पान डोळ्यांना लावून तसेच छपरीत जाऊन बसले. मशीन घरात राहणार होतं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी असं वाटत होतं की भंडाऱ्याची जीप दुसऱ्यांदा येऊन गेली.

पाच वाजून गेले. प्रिंटर थांबला होता, गिरणीची घरघर तेवढी ऐकू येत होती. माय आत लाखोळी निवडत होती. मला सुपाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. थोड्या वेळानं ती ग्लास घेऊन आली, नेहमीपेक्षा हळू, वाट चुकल्यासारखी.

"आज वाजलं नाई?"

"नाई माय." बटणांवरचे हात मी काढून घेतले. "जागा पुरत नव्हती. काढलं मी ते."

ती पडद्याकडे बघत राहिली, जिथे घड्याळ असायचं त्या कोपऱ्याकडे. तिला ते कसं ठाऊक होतं कोण जाणे. मग तिनं डब्यावर हात ठेवला.

"उठवलं म्हणतेस त्याले?"

"हो."

तिनं हात काढला नाही. मग अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं तिनं विचारलं, "दुखलं नसन ना त्याले?"

"नाई माय," मी म्हणाले. "नाई दुखलं."

तिनं मान हलवली. हातातल्या पाण्याकडे पाहिलं आणि ग्लास माझ्यापुढे धरला.

"घे मंग," म्हणाली. "सकाळपासून बसून आहेस. तूच पे."